नवऱ्यामागोमाग जर्मनीला गेलेली भाची, आता दोघं वेगळे. तिला तिथेच राहून नोकरी करता येईल का?

दांडियाबाजारची_मावशी | १२ ऑक्टोबर २०२५

मंडळी, मी इथे एरवी पाककृतींच्या धाग्यांवर असते. विषय चुकीच्या विभागात पडला असेल तर ॲडमिननी हलवावा. घरातली गोष्ट आहे म्हणून नावं गाळून लिहिते.

माझी भाची बडोद्याचीच, कलाभवनातून सिव्हिल इंजिनिअर झाली. लग्न डिसेंबर २०२१ मध्ये इथेच लागलं. जावई आधीपासून जर्मनीत, ब्लू कार्डवर (पदवीधर परदेशी नोकरदारांना मिळणारं परमिट). ही एप्रिल २०२२ मध्ये बायकोला मिळतो त्या व्हिसावर तिकडे गेली. भाषा शिकली, मग एका छोट्या ऑफिसात पुलांच्या दुरुस्तीचे नकाशे काढायला लागली. आत्ता अर्धवेळ आहे, जानेवारीपासून पूर्णवेळ घेणार आहेत म्हणे.

जूनपासून दोघं वेगळे राहतात. मारहाण, छळ असलं काही नाही, जमलं नाही. कारणं विचारू नका, मलाही पुरती माहीत नाहीत.

जावयाच्या आईने माझ्या बहिणीला फोनवर सांगितलं की "व्हिसा आमच्या मुलाच्या नावावर आहे, घटस्फोट झाला की हिला निघावंच लागेल." हे खरं आहे का? हुकूम हातात पडला की त्याच दिवशी बॅगा भरायच्या? इथल्या वकिलांनी संमतीच्या घटस्फोटाचा अर्ज तयार करून ठेवलाय. दोन्हीकडच्यांचं म्हणणं, दिवाळी झाली की दाखल करू आणि मोकळे होऊ. भाचीला परत यायचं नाही. बहीण म्हणते परत ये. दोघींचे फोन मला येतात.

मांजलपूरकर | १२ ऑक्टोबर

ताई, शांती राखा. माझं मत विचाराल तर मुलीला घरी बोलवा. बुलेट ट्रेनचं स्टेशन आपल्या बडोद्यात होतंय, सिव्हिलवाल्यांना कामाची काय वाण? नवराच नाही तर त्या थंडीत राहायचं कशासाठी?

न्यूजर्सीकर | १३ ऑक्टोबर

काकू, बॅगा भराव्या लागतात. आमच्याकडे अमेरिकेत एच-१बी (नोकरीचा व्हिसा) वाल्याच्या बायकोला एच-४ मिळतं. नुसतं वेगळं राहत असाल तोवर ते टिकतं, पण घटस्फोटाचा हुकूम झाला त्या दिवशी संपतं. एच-१बी वाल्याची नोकरी गेली तर त्याला ६० दिवसांपर्यंत मुदत असते, घटस्फोट झालेल्या एच-४ वालीला ती नाही. ईएडीवर (कामाच्या परवान्यावर) काम करत असेल तर तेही तिथेच थांबतं. म्हणून शहाण्या बायका हुकूम व्हायच्या आधीच हालचाल करतात. कोणी एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) घेऊन कॉलेजात नाव घालतं, कोणी कंपनीला मार्चच्या एच-१बीच्या लॉटरीत अर्ज टाकायला लावतं. लॉटरी लागली तरी काम १ ऑक्टोबरपासूनच. आधी कधी स्वतःच्या एच-१बीवर काम केलेलं असेल आणि त्यातली वर्षं शिल्लक असतील तर लॉटरीची गरज पडत नाही, हे बऱ्याच जणींना ठाऊक नसतं.

भाचीला सांगा, जमेल तितका घटस्फोट लांबवा.

नेकारकाठ | १३ ऑक्टोबर

न्यूजर्सीकर, तुमच्या देशापुरतं बरोबर आहे, पण भाची जर्मनीत आहे आणि इथला हिशोब जवळजवळ उलटा. तुमच्याकडे हुकुमाची तारीख बघतात. इथे आउसलेंडरबेहोर्ड (परदेशी नागरिकांचं ऑफिस, इथली मराठी मंडळीही हाच शब्द वापरतात) विचारतं की दोघं एकत्र राहायचे कधी थांबलात. घटस्फोट त्यानंतर सहा महिन्यांनी होवो की तीन वर्षांनी, परमिटचा प्रश्न वेगळं झाल्याच्या दिवशीच उभा राहतो. त्यामुळे काकू, "लांबवा" हा सल्ला इथे निरुपयोगी आहे.

आता चांगली बातमी. इथल्या निवास कायद्याचं कलम ३१ बघा. नवरा-बायको जर्मनीत कायदेशीरपणे, एकत्र, निदान तीन वर्षं राहिले असतील आणि मग वेगळे झाले, तर जोडीदाराच्या परमिटवर आलेल्या माणसाला स्वतःच्या हक्काचं परमिट मिळतं. सुरुवातीला एक वर्षाचं. नवऱ्याची सही लागत नाही, पगारपत्रक लागत नाही. त्या पहिल्या वर्षात नोकरी गेली आणि सरकारी मदत घ्यावी लागली तरी तेवढ्यावरून परमिट नाकारत नाहीत. पुढच्या मुदतवाढीला मात्र आपला खर्च आपण भागवतो हे दाखवावं लागतं. काम कुठलंही करता येतं.

तीन वर्षं मोजायची ती लग्नापासून नव्हे, जर्मनीत एकत्र राहायला लागल्यापासून. बडोद्यातले लग्नानंतरचे महिने यात धरत नाहीत. तुम्ही दिलेल्या तारखा खऱ्या असतील तर एप्रिल २०२२ ते जून २०२५ म्हणजे तीन वर्षं भरून वर थोडं उरतंय.

तीन वर्षं भरली नसती तर काय, हेही सांगून ठेवतो, कारण धागा इतर कोणी वाचेल. हातातलं परमिट आपोआप रद्द होत नाही. ऑफिस त्याची मुदत कमी करू शकतं, त्याआधी म्हणणं मांडायला पत्र पाठवतं. त्या अवधीत स्वतःच्या पदवीवर आणि नोकरीवर परमिट बदलून घेता येतं, त्यासाठी भारतात परत जाऊन नव्याने व्हिसा काढायची गरज नसते. आणि घरात हिंसा असेल तर तीन वर्षांची अट सोडता येते, त्याच कलमाच्या दुसऱ्या भागात तशी तरतूद आहे. तीन वर्षं भरायची वाट बघत मार खात राहू नये म्हणूनच ती ठेवली आहे.

दांडियाबाजारची_मावशी | १३ ऑक्टोबर

नेकारकाठ, तोंडात साखर पडो. बहिणीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "हा कोण, आणि त्याला कसं माहीत?"

नेकारकाठ | १३ ऑक्टोबर

:) मूळचा रावपुऱ्यातला. इथे बरीच वर्षं झाली, फावल्या वेळात नव्याने आलेल्या लोकांचे फॉर्म भरून देतो. वकील नाही. सहीशिक्क्याचा कागद करायच्या आधी इथल्या वकिलाला एकदा दाखवाच.

लंडनवाली | १४ ऑक्टोबर

आमच्याकडचं थोडक्यात. स्किल्ड वर्कर (नोकरीचा व्हिसा) असलेल्याच्या डिपेंडंटने नातं संपल्यावर होम ऑफिसला (व्हिसा बघणारं सरकारी खातं) कळवायचं असतं. मग बहुधा व्हिसा कापून ६० दिवसांवर आणतात. तेवढ्यात स्वतःचा स्पॉन्सर (व्हिसासाठी उभी राहणारी कंपनी) शोधून स्किल्ड वर्करवर जायचं. २२ जुलै २०२५ पासून त्याची सर्वसाधारण पगारमर्यादा ४१,७०० पौंड झालीय आणि बहुतेक नव्या अर्जांना पदवीच्या पातळीचं काम लागतं. नर्सरीत किंवा दुकानात डिपेंडंट म्हणून सुखाने काम करणाऱ्या बायकांचे आता खरे हाल आहेत. तीन वर्षांवर हक्क वगैरे असलं काही इथे नाही.

मेपलपाक | १४ ऑक्टोबर

कॅनडात पीआर (कायमचा रहिवासी दर्जा) हातात असेल तर घटस्फोटाने जात नाही. पूर्वी स्पॉन्सर केलेल्या काही जोडीदारांवर दोन वर्षं एकत्र राहायची अट होती, ती २०१७ मध्ये काढून टाकली. फक्त वर्क परमिटवर असाल तर गोष्ट वेगळी, पण तो धागा निराळा काढू.

काळा_कोट | १५ ऑक्टोबर

मी बडोद्यात वकिली करते, कौटुंबिक प्रकरणं बघते. (कोर्ट न्यायमंदिराच्या जुन्या इमारतीतून दिवाळीपुऱ्याला गेलं तरी अशिलं अजून "न्यायमंदिरात भेटू" म्हणतात.) जर्मनीचा कायदा मला माहीत नाही, इथल्या बाजूचं सांगते.

हिंदू विवाह कायद्याच्या १३ब खाली संमतीचा अर्ज करायचा तर दोघं निदान एक वर्ष वेगळे राहत असले पाहिजेत. जूनमध्ये वेगळे झाले असतील तर दिवाळीनंतर अर्ज कसा करणार? वर्ष भरतं पुढच्या जूनमध्ये. मावशी, तुमच्या वकिलांनी कच्च्या अर्जात वेगळं राहण्याची तारीख काय टाकली आहे ते बघाल का?

दांडियाबाजारची_मावशी | १५ ऑक्टोबर

बहिणीकडून फोटो मागवला. लिहिलंय की उभय पक्षकार जानेवारी २०२४ पासून विभक्त राहत आहेत. जानेवारी २०२४ मध्ये भाची उत्तरायणाला एकटी आली होती, महिनाभर होती. जावयाला रजा नव्हती. वकील म्हणाले, अशीच तारीख टाकतात, त्याने काम लवकर होतं.

नेकारकाठ | १५ ऑक्टोबर

थांबा. त्या अर्जावर कोणीही, कुठेही सही करू नका.

काकू, तो एक महिना म्हणजे माहेरची चक्कर. जर्मन ऑफिस त्याला वेगळं राहणं म्हणत नाही. पण भाचीने स्वतः शपथेवर लिहून दिलं की आम्ही जानेवारी २०२४ पासून वेगळे, तर एप्रिल २०२२ पासून दोन वर्षंसुद्धा भरत नाहीत. कलम ३१ चा हक्क तिने आपल्याच हाताने फाडून टाकला असं होईल.

आणि "तो कागद गुजरातच्या कोर्टात, इकडे कोण बघतंय" असं कोणी म्हणायच्या आधी सांगतो. घटस्फोट झाल्यावर इथल्या नोंदीत वैवाहिक स्थिती बदलायची असते, तेव्हा हुकुमाची प्रत आणि भाषांतर मागतात. संमतीच्या हुकुमात पहिल्या-दुसऱ्या परिच्छेदातच लिहिलेलं असतं की अमुक तारखेपासून वेगळे. परमिट देऊन झालं असलं तरी खोट्या माहितीवर घेतलेलं परमिट मागे घेता येतं.

काळा_कोट | १५ ऑक्टोबर

तारीख मागे का ढकलतात तेही सांगते, म्हणजे वकिलांवर उगाच राग नको. (थोडा चालेल.) १३ब मध्ये पहिल्या अर्जानंतर सहा महिने थांबावं लागतं. सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्ये अमरदीप सिंग विरुद्ध हरवीन कौर या खटल्यात सांगितलं की हे सहा महिने कोर्ट योग्य प्रकरणात माफ करू शकतं. पण त्यासाठी एक अट अशी की आधीचं एक वर्ष आणि हे सहा महिने, दोन्ही मिळून जो काळ होतो तो अर्जाच्या आधीच उलटून गेलेला असावा. म्हणजे दीड वर्ष. आता जानेवारी २०२४ ते दिवाळी २०२५ मोजा. वकिलांनी ती तारीख का निवडली ते कळेल.

शिवाय कायद्याचा आधारही आहे. १९९१ च्या सुरेष्टा देवी खटल्यात सुप्रीम कोर्ट म्हणालं की "वेगळे राहणे" म्हणजे पती-पत्नी म्हणून न राहणे, छप्पर एक असलं तरी चालेल. तो निकाल खरोखर तसं राहणाऱ्यांसाठी आहे. सोयीची तारीख शोधायला तो वापरणं म्हणजे शपथेवर खोटं सांगणं. बडोद्यात राहणाऱ्या जोडप्याला त्याने सहसा काही फरक पडत नाही, म्हणून ही सवय लागली आहे. परदेशातल्या अशिलाचा व्हिसा त्या एका ओळीवर लटकलेला असतो हे आमच्यातल्या फार थोड्यांच्या डोक्यात येतं.

नेकारकाठ | १५ ऑक्टोबर

एका छपराखाली वेगळं राहणं इथेही चालतं. जर्मन घटस्फोटालाही वेगळं राहण्याचं एक वर्ष लागतं आणि ते एकाच घरात काढता येतं. त्यामुळे "आम्ही घरातच होतो, फक्त बोलत नव्हतो" असं भाचीने गंमतीत जरी कुठे लिहून ठेवलं असेल तर तेही बघावं लागेल.

आजोबा_कारेलीबाग | १६ ऑक्टोबर

सगळे व्हिसाचंच बोलता. दोघांना समोरासमोर बसवून कोणी विचारलं का, की बाबांनो काय बिघडलंय? आमच्या वेळी घरातले वडीलधारे मध्ये पडायचे.

मांजलपूरकर | १६ ऑक्टोबर

+१ आजोबा.

कलाभवन_सिव्हिल | १६ ऑक्टोबर

नमस्कार. मीच ती भाची. धागा निघालाय हे मला मामेवहिनीकडून कळलं, तिला ऑफिसमधल्या कोणीतरी पाठवला होता. म्हणजे दांडिया बाजारापासून कारेलीबागेपर्यंत सगळ्यांना कळून झालेलं दिसतंय, तर आता मीच लिहिते.

मावशी, रागावले नाहीये. फक्त "कारणं मलाही पुरती माहीत नाहीत" हे वाचून खूप हसले. तुझ्याइतकी ती मलाही माहीत नाहीत.

आजोबा, वडीलधारे मध्ये पडून झाले. दोन्हीकडचे, व्हिडिओ कॉलवर, दोनदा. शेवटी आम्ही दोघंच त्यांची समजूत काढत बसलो.

नेकारकाठ दादा, काळा_कोट ताई, तुमच्यामुळे वाचले. अर्जाचा मसुदा मला पाठवला होता, मी इंग्रजीतली चार पानं चाळली आणि पोटगीचा परिच्छेद तेवढा नीट वाचला. तारखेकडे लक्षच गेलं नव्हतं. काल रात्री त्याला (नवऱ्याला) फोन केला. तोही चपापला. त्याचा इथल्या नागरिकत्वाचा अर्ज चालू आहे, त्यालाही शपथेवरचं खोटं काही नको आहे. त्यामुळे तो मसुदा रद्द.

आम्ही जूनपर्यंत एकाच घरात, नवरा-बायको म्हणूनच राहत होतो. ईस्टरला एकत्र फिरायला गेलो होतो, त्याची बुकिंग्ज आहेत. भाडेकरार दोघांच्या नावावर. जूनच्या शेवटी तो दुसऱ्या घरात गेला आणि पत्ता बदलून घेतला. मी अजून ऑफिसला काही कळवलेलं नाही. माझं परमिट १८ जानेवारीला संपतं. कळवू की मुदतवाढीच्या वेळी सांगू?

मांजलपूरकर दादा, बुलेट ट्रेनवाल्यांनी मला बोलावलेलं नाही. इथल्या ऑफिसने बोलावलंय. ज्या पुलावर मी काम करतेय त्याची दुरुस्ती २०२७ पर्यंत चालणार आहे आणि तो पूर्ण झालेला मला बघायचाय. आले कोणाच्या मागून हे खरं, पण जर्मनमधून निविदा वाचायला मला कोणी नवऱ्याने शिकवलेलं नाही.

मांजलपूरकर | १६ ऑक्टोबर

बेन, माफ करा. चुकलं. पूल बांधा.

नेकारकाठ | १७ ऑक्टोबर

या, या. बरं झालं आलात.

आत्ताच कळवा. नवऱ्याने पत्ता बदलला तेव्हाच नोंदणी ऑफिसकडून ती माहिती परदेशी ऑफिसला गेलेली असते. दोघांचे पत्ते वेगळे दिसतात आणि तुमच्याकडून शब्द नाही, हे वाईट दिसतं. ईमेलने लिहा: अमुक तारखेपासून वेगळे राहतो, त्याआधी एप्रिल २०२२ पासून एकत्र राहत होतो, कलम ३१ प्रमाणे स्वतंत्र परमिटसाठी अर्ज करत आहे. सोबत भाडेकरार, दोघांचे नोंदणीचे दाखले, तुमच्या पगाराच्या चिठ्ठ्या, विम्याचा दाखला. नवरा सहकार्य करतोय तर त्याच्याकडून तारखेची दोन ओळींची लेखी पुष्टी घ्या, पुढे त्याचं मन बदललं तर उपयोगी पडेल. कितीही सज्जन असला तरी घ्या.

आता दुसरा सापळा, इनकम टॅक्सचा. तुम्ही दोघं तीन-पाच या टॅक्स क्लासमध्ये (पगारातून किती कर कापायचा ते ठरवणारे गट) असाल (बहुतेक भारतीय जोडपी असतात, नवऱ्याचा तीन, बायकोचा पाच, आणि मग बायको विचारते माझ्या हातात इतकं कमी का येतं). २०२५ मध्ये काही महिने एकत्र होता, म्हणून या वर्षाचं विवरण दोघांचं मिळून भरता येईल. १ जानेवारी २०२६ पासून मात्र दोघांना क्लास एक. त्यासाठी टॅक्स ऑफिसला कायमचे वेगळे झाल्याचा फॉर्म द्यायचा असतो आणि त्यात तारीख विचारतात. काही जण कर वाचवायला पुढची तारीख टाकतात. तसं करू नका. टॅक्स ऑफिस, परदेशी ऑफिस आणि बडोद्याचं कोर्ट, तिन्हीकडे एकच तारीख गेली पाहिजे, आणि ती खरी असली पाहिजे.

काळा_कोट | १७ ऑक्टोबर

घटस्फोट कुठे घ्यायचा, यावरही दोन शब्द. दोघं जर्मनीत राहतात म्हणून तिथलं कोर्ट घटस्फोट देऊ शकेल. पण लग्न हिंदू विवाह कायद्याखालचं आहे. १९९१ च्या नरसिंहराव विरुद्ध वेंकटलक्ष्मी निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की परदेशातला हुकूम इथे मानायचा तर लग्न ज्या कायद्याखाली झालं त्यातलंच कारण हवं, किंवा दोघांनी राजीखुशीने त्या कोर्टापुढे जाऊन संमती दिलेली हवी. एकतर्फी परदेशी हुकूम घेऊन इथे दुसरं लग्न करायला निघालेले लोक मी पाहिले आहेत, त्यांचे पुढचे ताप विचारू नका.

तुमच्याकडे दोघांची संमती आहे, घाई नाही. पुढच्या जूनमध्ये वर्ष भरल्यावर इथे १३ब खाली खऱ्या तारखेने अर्ज करा. बडोद्याला प्रत्येक तारखेला यावंच असं नाही, मुखत्यारपत्र आणि व्हिडिओवरची हजेरी कोर्टाच्या परवानगीने होते. सहा महिने माफ नाही झाले तर नाही झाले.

अनामिका७ | १९ ऑक्टोबर

धागा वाचून लिहायचं धाडस करतेय. माझ्या ओळखीतली एक मुलगी, जर्मनीतच, जाऊन दीडच वर्ष झालंय. नवरा हात उचलतो. पासपोर्ट त्याच्याकडे. "पोलिसात गेलीस तर तुलाच परत पाठवतील" असं सांगून ठेवलंय. तिला हे सगळं लागू होतं का?

नेकारकाठ | १९ ऑक्टोबर

तिला आजच कळवा. परत पाठवतील ही धमकी आहे, कायदा नव्हे. वर लिहिलेली तीन वर्षांच्या अटीतली सूट नेमकी अशांसाठीच आहे. महिलांवरच्या हिंसेसाठी ११६ ०१६ हा मोफत नंबर चोवीस तास चालतो, इंग्रजीतही बोलतात, नाव सांगावं लागत नाही. डॉक्टरकडे जाऊन जखमांची नोंद करून घ्यायला सांगा, पुढे पुरावा म्हणून हवी. पासपोर्ट त्याने अडवून ठेवायचा काही संबंध नाही. पोलीस तो मिळवून देऊ शकतात, नाहीतर भारतीय वकिलातीकडे नवा मागता येतो.

काळा_कोट | १९ ऑक्टोबर

भारताच्या बाजूने: अडचणीतल्या नागरिकांसाठी वकिलातींकडे भारतीय समुदाय कल्याण निधी असतो, परदेशात नवऱ्याने टाकलेल्या किंवा छळलेल्या बायकांना त्यातून कायदेशीर मदत मिळू शकते. परराष्ट्र खात्याच्या 'मदद' पोर्टलवर तक्रार नोंदवा, म्हणजे नंबर पडतो. राष्ट्रीय महिला आयोगातही एनआरआय सेल आहे. अनामिका, तुम्ही मला व्यनि (खाजगी निरोप) करा.

कलाभवन_सिव्हिल | ६ डिसेंबर

खबर द्यायची राहिली. ऑक्टोबरमध्येच ईमेल केलं, कलम ३१ चा अर्ज गेला, कागद दिले. अजून कार्ड नाही. ऑफिसातल्या बाईंनी फक्त एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारली, जानेवारी २०२४ मध्ये महिनाभर भारतात का होता? तिकिटं आणि रजेचा अर्ज दाखवला, विषय संपला.

आता नवा प्रश्न. पूर्णवेळचं कंत्राट आलंय, १ जानेवारीपासून, वर्षाला ४५,००० युरो. बॉस म्हणतात आता तू स्वतःचं ब्लू कार्ड घे. घेऊ का?

नेकारकाठ | ६ डिसेंबर

अभिनंदन! पण आकडा बघा. इंजिनिअर टंचाईच्या व्यवसायांत येतात, त्यांना ब्लू कार्डची कमी मर्यादा लागते. २०२५ साठी ती ४३,७५९.८० युरो होती, २०२६ साठी ४५,९३४.२० आहे. तुमचं कंत्राट जानेवारीपासून. थोडक्यात हुकतंय. बॉसना म्हणावं हजार युरो वाढवा, हा मी ऐकलेला पगारवाढीचा सगळ्यात चांगला युक्तिवाद असेल.

नाही वाढवले तरी बिघडत नाही. कलम १८ब आहे, पदवीधर कामगाराचं परमिट. पंचेचाळिशीच्या आतल्यांना त्यात ठरावीक पगारमर्यादा नाही. रोजगार खातं एवढंच बघतं की त्याच कामाला जर्मन माणसाला जे मिळतं त्यापेक्षा तुम्हाला कमी देत नाहीत ना. दोन्हींसाठी पदवी मान्य असावी लागते. अनाबिन या परदेशी पदव्यांच्या डेटाबेसमध्ये विद्यापीठ आणि तुमची नेमकी पदवी, दोन्ही शोधा. एकच सापडलं तर पुरत नाही, मग बॉनच्या कार्यालयाकडून पदवीच्या तुलनेचा दाखला घ्यावा लागतो, त्याची फी २०८ युरो.

माझं मत: कलम ३१ चं कार्ड आधी हातात येऊ द्या. त्यात नोकरी बदलायची मोकळीक आहे. १८ब किंवा ब्लू कार्डकडे त्या वर्षभरात सावकाश जा, कारण कायमच्या परमिटला तो रस्ता जवळचा. ब्लू कार्डवर २७ महिन्यांत मिळतं, जर्मन भाषा बी-१ (मध्यम) पातळीची असेल तर २१ महिन्यांत.

कलाभवन_सिव्हिल | ६ डिसेंबर

बी-२ झालंय. :) बॉसशी बोलते.

दांडियाबाजारची_मावशी | ७ डिसेंबर

आणि फेब्रुवारीत माझ्या मुलाचं लग्न आहे त्याचं काय? जानेवारीत हिचं जुनं परमिट संपतं. नवं आलं नाही तर ही इथे येऊन अडकणार का? बहीण म्हणते येऊच नको, मी म्हणते यायलाच हवं.

नेकारकाठ | ७ डिसेंबर

येता येईल, पण एक कागद बघून. परमिट संपायच्या आत अर्ज केलाय, त्यामुळे निर्णय होईपर्यंत जुनं परमिट चालू धरतात आणि तसं प्रमाणपत्र मिळतं, फिक्त्सिओन्सबेशायनिगुंग. नाव घेताना जीभ अडकली तरी ते मागून घ्याच. त्यावर चौकटी असतात. कलम ८१ च्या चौथ्या पोटकलमासमोर फुली असेल तर बाहेर जाऊन परत येता येतं. तिसऱ्या पोटकलमासमोर असेल तर लग्न व्हिडिओवर बघायचं.

पासपोर्ट, जुनं कार्ड आणि हे प्रमाणपत्र, तिन्ही हातातल्या बॅगेत. परतताना चेक-इनच्या काउंटरवर हा कागद सगळ्यांनी पाहिलेला असतोच असं नाही, म्हणून वेळ हाताशी ठेवून पोचा. आणि शक्यतो थेट जर्मनीचं विमान घ्या, मधल्या देशात बदलायचं असेल तर तिथले लोक हा कागद मानतात का हे एअरलाइनला आधी विचारा.

कलाभवन_सिव्हिल | १९ डिसेंबर

प्रमाणपत्र मिळालं. फुली चौथ्यासमोर आहे. मुंबईहून थेट विमान बघतेय, मावशी, स्टेशनवर घ्यायला कोणाला तरी पाठव.

दांडियाबाजारची_मावशी | १९ डिसेंबर

मीच येते. परतीचं तिकीट तारीख बदलता येईल असंच काढ, पैसे जास्त पडले तरी चालतील.